डिस्चार्ज बुकात राहून गेलेली पदकं: रेकॉर्ड ऑफिसची दुरुस्ती सेवा कितपत कामाची?

फौजेतून घरी येताना जवानाला नोकरीच्या नोंदींचं पुस्तक मिळतं, ते डिस्चार्ज बुक. त्यात पदकांसाठी लहानसा रकाना असतो. १९७१ ला सीमेवर लढून १९७२ मध्ये घरी आलेल्या जवानाचं पुस्तक उघडलं, तर त्या रकान्यात पश्चिमी स्टार किंवा पूर्वी स्टार सापडणार नाही. त्यात कारकुनाची चूक नाही. ही पदकं १९७३ मध्ये जाहीर झाली; जे पदक अजून निघालंच नव्हतं, ते १९७२ च्या पुस्तकात कोण लिहिणार? १९६५ च्या युद्धाचंही तेच. समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल १९६७ मध्ये निघाली, तोवर बरेच जवान रिझर्व्हला, म्हणजे राखीव यादीत, गेले होते. युनिटनं पदकांच्या याद्या केल्या तेव्हा जो हजेरीपटावर होता त्याचं नाव सहज चढलं. जो गावी शेतावर किंवा मुंबईत गिरणीत होता, त्याचं राहिलं ते राहिलंच.

ही राहिलेली नोंद आजही भरून घेता येते आणि त्याला फी नाही. तरी कामं अडतात, आणि बहुतेक वेळा एकाच कारणानं अडतात: अर्जात लिहिलेलं असतं, "मेडल पाठवा." मेडल ही शेवटची पायरी आहे. आधी हक्क तपासला जातो, मग त्याची पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या नोंदीतला बदल जाहीर करणारा लेखी आदेश) निघते, मग शीट रोलमध्ये (कचेरीतल्या त्याच्या सेवापत्रकात) नोंद चढते, आणि मग कुठं धातूचा तुकडा टपालात पडतो. नोंद नसताना मेडल मागितलं की उत्तर येतं "नॉट एन्टायटल्ड", आणि अर्जदार समजतो हक्कच नाही. खरं तर त्या उत्तराचा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो की समोरच्या कागदावर नोंद दिसत नाही.

अर्ज जातो तो जवानाच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांचे सेवेचे कागद सांभाळणाऱ्या कचेरीला. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, गार्ड्सचं कामठीला, चिलखती दळाचं आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं अहिल्यानगरला. नौदलाच्या खलाशांसाठी मानखुर्दचं ब्युरो ऑफ सेलर्स, वायुसैनिकांसाठी दिल्लीत सुब्रोतो पार्क. अधिकाऱ्यांची वाट निराळी, त्यांचं काम थेट सेना मुख्यालयाकडून होतं. खाली लिहिलंय ते जवान, एनसीओ (नाईक, हवालदार) आणि जेसीओ (सुभेदार वगैरे) यांच्यापुरतं.

पत्त्यात दोन ठिकाणी हमखास चूक होते. पहिलं, पेन्शनीवर आल्यावर डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअर, लष्करी ठिकाणांच्या पहाऱ्याचं दल) पुन्हा भरती झालेले. त्यांच्याकडे दोन डिस्चार्ज बुकं असतात आणि घरचे नवं, चकचकीत पुस्तक बघून अर्ज डीएससीच्या रेकॉर्ड ऑफिसला, कन्नूरला धाडतात. १९७१ ची पदकं पहिल्या नोकरीतली, म्हणून अर्जही पहिल्याच रेजिमेंटला गेला पाहिजे. दुसरं, ज्यांची पलटण पुढे मेकॅनाइज्ड झाली, म्हणजे चिलखती गाड्यांवर गेली, ते. मेकॅनाइज्ड इन्फंट्री ही रेजिमेंट १९७९ मध्ये पायदळाच्या जुन्या बटालियनांतून उभी राहिली. रूपांतराच्या आधी निवृत्त झालेल्याचे कागद जुन्या रेजिमेंटकडे, नंतर निवृत्त झालेल्याचे नगरला. डिस्चार्ज बुकावर ज्या रेकॉर्ड ऑफिसचा शिक्का आहे, तिथंच पाठवा, अंदाज नको.

अर्ज एका पानाचा बरा. इंग्रजीत किंवा हिंदीत लिहा. मराठी अर्ज बेळगावात किंवा खडकीत वाचला जाईलही, पण सागर किंवा सिकंदराबादला तो टेबलावरच पडून राहतो. वरच्या ओळीत आर्मी नंबर, हुद्दा आणि नाव, अगदी डिस्चार्ज बुकात आहे तसं, स्पेलिंगसकट. मग भरतीची तारीख, डिस्चार्जची तारीख, युनिट, आणि त्या युनिटमध्ये कधीपासून कधीपर्यंत. त्यानंतर पदकाचं नेमकं नाव आणि क्लॅस्प, म्हणजे मोहिमेचं नाव असलेली रिबनवरची पट्टी. शेवटी तीन मागण्या, तीन वेगळ्या आकड्यांखाली: हक्क तपासून लेखी कळवावं; हक्क असल्यास पार्ट टू ऑर्डर काढून शीट रोलमध्ये आणि डिस्चार्ज बुकात नोंद घ्यावी; त्यानंतर पदक द्यावं. तिन्ही एकाच वाक्यात कोंबलं की उत्तर फक्त तिसऱ्याचं येतं, तेही "स्टॉक नाही" असं.

सोबत डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांच्या झेरॉक्स, स्वतः सही केलेल्या. कोरी पानंसुद्धा जोडा; रिकामा रकाना हाच पुरावा आहे. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), माजी सैनिक ओळखपत्र, आधार. पत्नी अर्ज करत असेल तर मृत्यूचा दाखला आणि कुटुंब निवृत्तिवेतनाचा पीपीओ. मूळ डिस्चार्ज बुक टपालानं कधीही पाठवू नये. त्यात नोंद चढवायला मूळ पुस्तक लागतंच; तेव्हा स्वतः घेऊन जावं, पोच घ्यावी, आणि देण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. बाकी कागद स्पीड पोस्टानं. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात मिसळली, त्यामुळे पावती आणि पोच तिथंच मागायची.

आता पदकांच्या नावांबद्दल थोडं सविस्तर, कारण अर्धे अर्ज इथंच फसतात. जनरल सर्व्हिस मेडल १९४७ आणि सामान्य सेवा मेडल १९६५ ही दोन वेगळी पदकं. हिंदी अर्जात पहिल्याचं भाषांतर केलं की दोन्ही "सामान्य सेवा पदक" होतात आणि कारकून दुसरंच काढून बसतो. सैन्य सेवा मेडल हे खडतर भागातल्या नोकरीचं. सेना मेडल हे शौर्याचं किंवा विशेष कामगिरीचं, राजपत्रात नाव येणारं. एका शब्दाच्या फरकानं अर्ज भलत्याच टेबलावर जातो. आणि "ऑपरेशन विजय" हे नाव तर दोनदा वापरलं गेलंय: एकदा डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यासाठी, एकदा १९९९ मध्ये कारगिलसाठी. कारगिलला ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल अशी दोन स्वतंत्र पदकं आहेत, पहिलं प्रत्यक्ष लढाईच्या भागातल्यांसाठी. गोव्याला स्वतंत्र पदकच नाही. जनरल सर्व्हिस मेडल १९४७ वर "गोवा १९६१" असा क्लॅस्प मिळतो. म्हणजे ज्याला आधीच जम्मू-काश्मीरसाठी ते मेडल मिळालंय, त्याला गोव्याबद्दल नवं मेडल मागताच येत नाही, फक्त रिबनवर बसणारी आडवी पट्टी. "गोवा मेडल मिळालं नाही" असा अर्ज म्हणून नामंजूर होतो आणि "गोवा १९६१ क्लॅस्पची नोंद नाही" असा अर्ज मंजूर होऊ शकतो. त्या मोहिमेत अंजदीव बेटावर उतरलेल्या नौसैनिकांचंही असंच, फक्त पत्ता मानखुर्दचा.

काही पदकं तर तारखेवरच ठरतात, तिथं वाद घालायला जागाच नाही. १५ ऑगस्ट १९७२ ला नोकरीत असलेल्याला स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचं मेडल, १५ ऑगस्ट १९९७ ला असलेल्याला पन्नासाव्याचं. नऊ, वीस, तीस वर्षांच्या नोकरीची पदकंही तशीच. आधी भरती आणि डिस्चार्जच्या तारखा समोर ठेवून ही यादी घरी बसून करावी. उलट स्टार किंवा क्लॅस्पला युनिट कुठं होतं हे दाखवावं लागतं, आणि खरी अडचण अटॅचमेंटवरच्या लोकांची होते. ईएमईचा (दुरुस्ती करणाऱ्या कोअरचा) फिटर किंवा एएससीचा (पुरवठा आणि वाहतूक करणाऱ्या कोअरचा) ड्रायव्हर एखाद्या पायदळ पलटणीला जोडलेला असतो. पलटणीच्या यादीत त्याचं नाव नसतं, कारण तो त्यांचा नाही, आणि त्याच्या मूळ युनिटच्या यादीतही नसतं, कारण तेव्हा तो तिथं नव्हता. अशा वेळी अर्जात "अटॅच्ड" हा शब्द, ज्या पलटणीला जोडला होता तिचं नाव आणि महिने लिहिले नाहीत तर शोध लागणं कठीण.

नावाचा घोळ हा खास आपल्याकडचा. फौजेच्या कागदांवर बहुधा नाव आणि आडनाव एवढंच असतं. आधारवर मधे वडिलांचं नाव आलेलं असतं, पीपीओवर तिसरंच स्पेलिंग. त्यात जिल्हे बदललेले. डिस्चार्ज बुकात "दक्षिण सातारा" लिहिलंय आणि आधारवर सांगली. "कुलाबा" लिहिलंय आणि आज रायगड. "रत्नागिरी" लिहिलंय आणि गाव आता सिंधुदुर्गात. दक्षिण साताऱ्याचं सांगली १९६० मध्ये झालं, बाकीचे दोन बदल १९८१ चे. रेकॉर्ड ऑफिसातल्या परप्रांतीय हवालदाराला हे ठाऊक असायचं कारण नाही. अर्जाच्या तळाशी एक ओळ टाकावी, की पूर्वीचा अमुक जिल्हा तो आजचा तमुक. नावातला फरक मोठा असेल तर तहसील कार्यालयातून दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करून आधीच जोडावं, म्हणजे त्यासाठी एक वेगळी फेरी होत नाही.

उत्तरं साधारण तीन तऱ्हेची येतात. "नॉट एन्टायटल्ड" चं वर झालं: कोणत्या कागदावरून ठरवलं ते विचारा. दुसरं, "ऑलरेडी इश्यूड." यावर चिडून उपयोग नाही, कारण ते खरंही असू शकतं. मेडल युनिटकडे गेलं आणि जवान तोवर बदलून गेला, किंवा गावच्या पत्त्यावर पार्सल गेलं आणि माणूस मुंबईला, म्हणून ते परत फिरलं. मेडल कोणत्या पत्रानं, कोणत्या तारखेला, कोणत्या पत्त्यावर पाठवलं आणि पोच आहे का, हे विचारायचं. पोच नसेल तर पुन्हा देण्याची मागणी टिकते. घरातच हरवलं असेल तर मात्र सरळ तसं लिहावं. तो बदली मेडलचा वेगळा मार्ग आहे आणि त्याला पैसे पडतात. दोन्हींची सरमिसळ केली की फाइल बंद.

तिसरं उत्तर सगळ्यात जड: "रेकॉर्ड नष्ट." पेन्शन न मिळालेल्या जवानाचे कागद तो नॉन-इफेक्टिव्ह झाल्यावर, म्हणजे नोकरीतून कमी झाल्यावर, २५ वर्षांनी नियमानुसार नष्ट केले जातात. सात-आठ वर्षांत घरी आलेल्या १९६५ च्या जवानांना याचा फटका बसतो. पण लाँग रोल नावाची नोंदवही कायम ठेवली जाते. तिच्यात नंबर, नाव, भरती आणि डिस्चार्ज एवढं तरी सापडतं. "लाँग रोलचा उतारा द्यावा" असा शब्दशः उल्लेख करून मागावा. बाकीचा पुरावा घरातून जमवायचा. जुनं डिस्चार्ज बुक हा त्यातला सर्वांत वजनदार. मग पे-बुक, आणि लढाईच्या महिन्यांत घरी आलेली पत्रं: पाकिटावर ५६ एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) म्हणजे उत्तर-पश्चिम, ९९ एपीओ म्हणजे ईशान्य, आणि फील्ड पोस्ट ऑफिसच्या शिक्क्यावर तारीख. एवढ्यावर पदक मिळत नाही, पण लाँग रोल आणि युनिटच्या इतिहासाशी जुळलं तर विचार होतो. तशी पत्रं बोहारणीला किंवा रद्दीत जाण्याआधी बाजूला काढलेली बरी.

पेन्शनधारकाची साधी, तारखेवरची नोंद आणि नीट अर्ज असेल तर रेकॉर्ड ऑफिसला आम्ही पाचपैकी साडेतीन देऊ; हक्क तपासण्याचं काम तिथं होतं. क्लॅस्प आणि अटॅचमेंटच्या प्रकरणांना दोन. धातूचं मेडल हातात पडण्याला एकच, कारण नोंद मंजूर झाल्यावरही मेडलांच्या तुटवड्यापायी लोक ताटकळतात. त्यात रेकॉर्ड ऑफिसचा दोष नाही, पण वाट बघणाऱ्याला त्यानं काय फरक पडतो.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला चार. ते निर्णय घेऊ शकत नाहीत, पण त्यांच्या पत्राखाली गेलेला अर्ज आवक नोंदवहीत हटकून चढतो, अंगठा किंवा सही तिथंच साक्षांकित होते, आणि सगळं फुकट. कल्याण संघटक गावोगावी फिरतात. वयस्कर वीरपत्नीसाठी त्यांना घरी बोलावता येतं. एक अट: अर्ज तयार करून न्या. "तुम्हीच लिहा" म्हटलं की ठरावीक नमुना भरून जातो आणि त्यात क्लॅस्पचा रकाना नसतो.

माहिती अधिकाराला साडेचार, आणि सुरुवातही इथूनच करावी असं आमचं स्पष्ट मत आहे. दहा रुपये, तीस दिवस, प्रती दोन रुपये पान. अर्ज केंद्र सरकारच्या पोर्टलवर किंवा पोस्टल ऑर्डर जोडून टपालानं. महाराष्ट्र शासनाच्या पोर्टलवर टाकला तर तो सेनेकडे जायचा नाही. "मेडल का दिलं नाही" असा प्रश्न विचारू नये, कारणं सांगायला माहिती अधिकारी बांधील नसतो. कागद मागावेत: शीट रोलची प्रमाणित प्रत, पदकांच्या पार्ट टू ऑर्डरींच्या प्रती, पदक वाटप नोंदवहीतला माझ्या नंबराचा उतारा. अर्ज जवानानं स्वतःच्या नावे किंवा पत्नीनं करावा; पुतण्यानं हौसेनं केला तर खासगी माहिती म्हणून नाकारतात. शीट रोल हातात आला की निम्म्या वेळा दिसतं, नोंद तिथं आहे आणि फक्त डिस्चार्ज बुकात उतरलेली नाही. ते काम मग एका फेरीचं. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्याला फी नाही.

एजंटांना शून्य. "पदक चढलं की पेन्शन वाढते" हे त्यांचं नेहमीचं गाजर. मोहिमेच्या आणि नऊ, वीस, तीस वर्षांच्या सेवेच्या पदकाला एक रुपया लागून नाही. दरमहा भत्ता आहे तो शौर्यपदकांना, आणि ती राजपत्रातून येतात, एजंटाच्या पिशवीतून नाही. एक अपवाद मात्र जपून बघावा: जखमेचं पदक, पराक्रम पदक. पदकानं पैसे मिळत नाहीत, पण त्यामागची बॅटल कॅज्युअल्टीची (लढाईत जखमी झाल्याची) नोंद वॉर इंज्युरी पेन्शनच्या कामाची आहे. लढाईत गोळी किंवा छर्रा लागलेल्याच्या कागदांत ते पदक नसेल, तर मेडल मागण्याआधी बॅटल कॅज्युअल्टीची पार्ट टू ऑर्डर आणि रुग्णालयाचे कागद मागा. तिथं "फिजिकल कॅज्युअल्टी" (लढाईबाहेरची इजा) लिहिलं गेलं असेल तर दुरुस्ती तिची करायची, आणि त्यासाठी वकील गाठण्यातही अर्थ आहे. सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ महाराष्ट्र-गोव्याची प्रकरणं बघतं; अंतिम लेखी आदेशापासून सहा महिन्यांत जावं लागतं. म्हणूनच प्रत्येक नकार लेखी घ्या, फोनवरच्या नकाराला तारीख नसते. नुसत्या क्लॅस्पसाठी न्यायाधिकरण म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

कॅन्टोन्मेंटांतल्या लष्करी सामानाच्या दुकानांत हवं ते मेडल तयार मिळतं, रिबनसकट. हक्काची नोंद झाली असेल आणि सरकारी मेडल यायला वेळ असेल, तर २६ जानेवारीच्या ध्वजवंदनाला घालायला ती नक्कल चालते. नोंद होण्याआधी घेऊ नये. छातीवर दिसतं आणि कागदावर नाही, अशी स्थिती माणसाला नको तिथं अवघडवते.

सरकारी मेडल आलं की डबी लगेच फ्रेमवाल्याकडे नेऊ नका. मेडल हातात घेऊन कड उजेडात फिरवा. जुन्या पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि रेजिमेंट ठोकलेली असते, बारीक इंग्रजी अक्षरांत, भिंगाशिवाय नीट दिसत नाही. नंबरातला एक आकडा चुकला तरी तेव्हाच, पाकीट आणि कडेचा फोटो जोडून परत कळवा. काही मेडलांची कड कोरीही असते, त्यात बिघाड नाही. मग सोबतचं पत्र जपून ठेवा. क्लॅस्प मंजूर झाला असेल तर रिबनवर पट्टी आहे का पाहा, कारण मेडल येतं आणि पट्टी राहते. पोचपावतीवर सही करताना पट्टी आली नसेल तर "क्लॅस्प विना" असं शेजारी लिहूनच सही करा.